डोक्यावर १२८ची उधारी: संगणक ऋण संख्या कशा लिहितो

फेब्रुवारीतली रात्र, दीड वाजलेला. नाशिकजवळच्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमधून फोन आला.

"सर, तीन नंबरची रूम चार हजार पंच्याण्णव दाखवतीय. सायरन वाजतोय. काय करू?"

"चार हजार पंच्याण्णव काय?"

"डिग्री, सर. पॉइंट पाच."

"आणि आत?"

"आत गारठाय की. पेट्या मस्त आहेत."

तापमानाचं ते पॅनेल मीच बनवून दिलेलं. आदला अख्खा हंगाम बिनतक्रार चाललं होतं. मालकांना मोबाइलवर आकडे हवे होते, म्हणून त्याच आठवड्यात मी आतला जुना आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम चालवणारा छोटा बोर्ड, काढून वायफायवाला ईएसपी३२ बोर्ड बसवला. प्रोग्राम मात्र तोच ठेवला, एक ओळही बदलली नाही. द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवतात. बोर्ड बदलल्यानंतर त्या रात्री खोली पहिल्यांदा शून्याच्या खाली उतरली आणि उणे अर्ध्या अंशाचे चार हजार पंच्याण्णव झाले.

सेन्सर होता डीएस१८बी२०. तो तापमान दोन बाइटांत, म्हणजे सोळा बिटांत, पाठवतो, एका अंशाचे सोळा भाग करून. बिट म्हणजे ० किंवा १ एवढाच एक अंक. त्या रात्री त्याने हे सोळा बिट पाठवले:

११११ ११११ ११११ १०००

सेन्सरच्या लेखी हे उणे ८. सोळाने भागलं की −०.५. माझ्या प्रोग्रामने तेच बिट ६५,५२८ असे वाचले, सोळाने भागले आणि ४०९५.५ दाखवून सायरन वाजवला. तारेवरून आलेल्या बिटांत काहीही चूक नव्हती. चूक होती ती माझ्या वाचण्यात.

ही भानगड मुळापासून उलगडू. कागद-पेन्सिल घ्या. संगणक अगदी शेवटी लागेल, तोही कॅल्क्युलेटरपुरता.

आधी फक्त धन संख्या

शाळेत आपण संख्येचं विस्तारित रूप लिहायचो. ४५३ म्हणजे ४ शतक, ५ दशक, ३ एकक. अंकाला स्वतःची किंमत असते आणि घराची वेगळी, म्हणजे स्थानिक किंमत. आपल्या दशमान पद्धतीत डावीकडच्या घराची किंमत दहापट होते, फक्त ० आणि १ वापरणाऱ्या बायनरीत दुप्पट. आठ घरांची, म्हणजे एका बाइटाची, पाटी अशी:

१२८ ६४ ३२ १६ ८ ४ २ १

ज्या घरात १ आहे त्याची किंमत धरायची, ज्यात ० आहे ते घर सोडून द्यायचं. १०११ ०१०१ म्हणजे १२८ + ३२ + १६ + ४ + १ = १८१.

उलट दिशेने जायचं तर डावीकडून सुरुवात करा आणि मावेल ते घर भरत चला. ४४ घ्या. १२८ मावत नाही, ६४ मावत नाही, ३२ मावतो, उरले १२. १६ नाही, ८ हो, उरले ४. ४ हो, उरलं शून्य. म्हणून ४४ म्हणजे ००१० ११००. हा ४४ बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

आठही घरं रिकामी असली की ०, आठही भरली की २५५. एकूण २५६ मांडण्या. बिटाला ० आणि १ सोडून तिसरं काही ठाऊक नाही. वजाचं चिन्ह ठेवायला वेगळी जागाच नाही. तेव्हा ऋण संख्या हव्या असतील तर याच २५६ मांडण्यांपैकी काही त्यांच्या नावावर कराव्या लागतील. कोणत्या करायच्या, यावर एकेकाळी मतभेद होते.

दोन जुने मार्ग

पहिला मार्ग कुणालाही सुचेल असा. सगळ्यात डावा बिट चिन्हासाठी राखून ठेवा, ० म्हणजे अधिक आणि १ म्हणजे उणे. उरलेल्या सात बिटांत संख्या लिहा. +३ म्हणजे ०००० ००११, −३ म्हणजे १००० ००११. वाचायला सोपं आहे, आणि १९५९ सालच्या आयबीएम ७०९० या यंत्रात हीच पद्धत होती. गंमत बेरजेत आहे. ५ आणि −३ यांची सरळ बेरीज करून बघा:

०००० ०१०१
१००० ००११
उत्तर: १००० १०००

वाचा: उणे ८! म्हणजे यंत्राला आधी चिन्हं बघावी लागणार. चिन्हं सारखी असतील तर बेरीज, वेगळी असतील तर कोण मोठा ते ठरवून वजाबाकी, मग मोठ्याचं चिन्ह उत्तराला लावायचं. आपण सातवीत हेच करायचो, पण प्रत्येक "जर"साठी सर्किट वाढतं. शिवाय ०००० ०००० हा शून्य आणि १००० ०००० हा उणे शून्य. एकाच शून्याची दोन रूपं झाली, आणि "शून्य आहे का?" हे विचारायलाही दोन तपासण्या आल्या. ही पद्धत मेलेली नाही बरं का. दशांश अपूर्णांक ठेवायच्या फ्लोटिंग पॉइंट प्रकारात ती आजही आहे, उणे शून्यासकट.

दुसरा मार्ग: ऋण करायचं तर सगळे बिट उलटे करा. ५ म्हणजे ०००० ०१०१, तर −५ म्हणजे ११११ १०१०. याला वन्स कॉम्प्लिमेंट म्हणतात. पीडीपी-१, सीडीसी ६६०० आणि युनिव्हॅक ११०० मालिकेतली यंत्रं ही पद्धत वापरायची. बेरीज इथे जवळजवळ जमते. फक्त डावीकडून बाहेर पडलेला हातचा परत उजव्या टोकाला आणून मिळवावा लागतो. आणि दोन शून्यांचा घोळ इथेही तसाच राहतो.

९९ म्हणजे उणे एक

तिसऱ्या मार्गाआधी थोडं आपल्या रोजच्या दशमान पद्धतीत खेळू.

समजा आपल्याकडे फक्त दोन घरं आहेत, दशक आणि एकक. शतकाचं घर नाहीच, त्यामुळे तिकडे जाणारा हातचा हवेत विरतो. आता ४३ मध्ये ९९ मिळवा. उत्तर १४२, पण शंभर ठेवायला घर नाही, उरले ४२. परत बघा: ९९ मिळवले आणि ४३चे ४२ झाले. ७० मध्ये ९९ मिळवले तर ६९ होतात. या दोन घरांच्या जगात ९९चं वागणं हुबेहूब उणे एकसारखं आहे. तसंच ९८ म्हणजे −२ आणि ६३ म्हणजे −३७, कारण ६३ आणि ३७ मिळून शंभर, म्हणजे इथे शून्य.

वजाबाकी न करता नुसत्या बेरजेवर काम भागवायची ही युक्ती जुनी आहे. ब्लेझ पास्कालने १६४२ पासून बनवलेल्या चक्रांच्या गणनयंत्रात चाकं उलटी फिरत नव्हती, म्हणून तिथे वजाबाकी नवाच्या पूरक संख्येनेच करत. आपल्याकडे वैदिक गणिताच्या शिकवणीत मुलं "सगळे नवातून, शेवटचा दहातून" असं घोकतात, तीही हीच पूरक संख्या काढायची रीत. (तिला वैदिक म्हणावं की नाही हा वाद आपण इथे उकरायला नको.)

संगणकाने हेच शंभरच्या जागी २५६ घेऊन केलं. आठ घरांच्या पलीकडे नववं घर नाही, तिकडे गेलेला हातचा सांडतो. म्हणून −५ लिहायचा तर २५६ − ५ = २५१ लिहायचा: ११११ १०११. यालाच टूज कॉम्प्लिमेंट म्हणतात. एडव्हॅक या संगणकाच्या आराखड्याबद्दल जॉन फॉन नॉयमन यांनी लिहिलेल्या १९४५ सालच्या अहवालात ही पद्धत होती, १९४९ सालच्या एडसॅक यंत्रात ती वापरली गेली, आणि १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० आणताना तीच निवडली. हळूहळू बाकीचे मार्ग मागे पडले. तरी सी आणि सी++ या प्रोग्रामिंग भाषांच्या नियमावल्यांत तिन्ही मार्गांना कागदोपत्री मुभा होती. ती सी++२० आणि सी२३ या आवृत्त्यांत काढून टाकली.

डावं घर म्हणजे उधारी

आम्हाला डिप्लोमाला एवढंच शिकवलं: बिट उलटे करा, एक मिळवा. का, ते कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. पाच मार्कांचा प्रश्न होता आणि ते पाच मार्क मिळायचे. माझ्या मते या विषयाचं सगळ्यात मोठं नुकसान याच ओळीने केलं आहे. ओळ बरोबर आहे, पण ती कृती आहे, अर्थ नाही. अर्थ एका वाक्यात सांगता येतो: सगळ्यात डाव्या घराची किंमत +१२८ न धरता −१२८ धरा, बाकी काहीही बदलू नका.

−१२८ ६४ ३२ १६ ८ ४ २ १

धन आणि ऋण हे शब्द आपल्याकडे ब्रह्मगुप्ताच्या काळापासून, म्हणजे सातव्या शतकापासून, गणितात आहेत, आणि ऋण म्हणजे सरळ कर्ज. तोच हिशेब इथे लावा. डाव्या घरात १ असेल तर डोक्यावर १२८ रुपयांची उधारी. उरलेल्या सात घरांत आहे ती खिशातली रोकड. ११११ १०११ वाचा: उधारी १२८, रोकड ६४ + ३२ + १६ + ८ + २ + १ = १२३. खिसा झाडून दिला तरी ५ रुपये देणं उरतंच. म्हणून −५.

सगळे बिट १ असले तर? उधारी १२८, रोकड १२७, बाकी −१. डाव्या घरात १ आणि बाकी सगळं रिकामं? नुसती उधारी, −१२८. डावं घर रिकामं आणि बाकी सगळी घरं भरलेली? +१२७. सातही घरं मिळून रोकड १२७च्या वर जात नाही, त्यामुळे १२८ची उधारी कधीच पूर्ण फिटत नाही. डावा बिट १ असला की संख्या ऋण, हे म्हणूनच खरं ठरतं. तो बिट चिन्ह नाही. ती एक किंमत आहे, आणि तिच्यामुळे चिन्ह आपोआप कळतं. शून्य आता एकच: सगळी घरं रिकामी.

हात बसावा म्हणून चारच बिट घ्या, किमती −८ ४ २ १. १००० म्हणजे −८, १००१ म्हणजे −७, असं चढत ११११ म्हणजे −१. त्यात एक मिळवला की सगळे हातचे डावीकडे सरकत बाहेर पडतात आणि ०००० उरतं. मग ०००१ म्हणजे १, आणि चढत चढत ०१११ म्हणजे ७. सोळाही ओळी एकदा स्वतःच्या हाताने लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पाठांतर कायमचं सुटतं.

ऋण रूप काढायचं कसं

बाजूला ठेवलेला ४४ घ्या, −४४ हवा आहे.

४४: ००१० ११००
उलटे केले: ११०१ ००११
एक मिळवला: ११०१ ०१००

पडताळा घ्या: −१२८ + ६४ + १६ + ४ = −४४. जमलं.

आता ती घोकलेली ओळ का चालते ते बघा. कोणतीही संख्या आणि तिचं उलटं रूप यांची बेरीज करा. जिथे एकात ० आहे तिथे दुसऱ्यात १, म्हणून उत्तरात सगळे १ येतात. आणि सगळे १ म्हणजे −१, हे आत्ताच पाहिलं. म्हणजे उलटं रूप हे "उणे ती संख्या" याच्यापेक्षा बरोबर एकाने कमी असतं. तो एक भरून काढायचा म्हणून एक मिळवायचा. एवढंच आहे ते.

कागदावर मी तसं करत नाही. उजवीकडून निघतो, पहिला १ लागेपर्यंत सगळं जसंच्या तसं उतरवतो, तो १ही तसाच ठेवतो आणि त्याच्या डावीकडचे सगळे बिट उलटे करतो. ००१० ११०० मध्ये उजवीकडचे १०० तसेच राहतात, डावीकडचे ००१०१ उलटून ११०१० होतात, मिळून ११०१ ०१००. हातच्याची भानगड नाही. नीट पाहिलंत तर ही तीच "सगळे नवातून, शेवटचा दहातून", फक्त नवाच्या जागी एक आणि दहाच्या जागी दोन.

बेरीज करणाऱ्याला चिन्ह माहीत नसतं

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते. ५ + (−३):

०००० ०१०१
११११ ११०१
उत्तर: ०००० ००१०, आणि बाहेर पडलेला एक हातचा

हातचा सोडून द्या, उत्तर २. वरच्या मांडणीत चिन्ह कुठे बघावं लागलं? कुठेच नाही. बेरजेच्या सर्किटच्या लेखी ती ५ आणि २५३ यांची बेरीज होती. तुम्ही तिला धन म्हणा की ऋण, सर्किट तेच आणि बिटही तेच.

कॉलेजच्या लॅबमध्ये ७४८३ आणि ७४८६ या दोन आयसींचं प्रॅक्टिकल केलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण बरेचदा वायर जोडायच्या गडबडीत निसटून जातं. ७४८३ चार बिटांची बेरीज करतो. ७४८६ मध्ये चार एक्सऑर गेट असतात. दुसऱ्या संख्येचे चार बिट या गेटांमधून जातात, आणि प्रत्येक गेटाच्या दुसऱ्या पायाला एकच सामाईक तार जोडलेली असते. तार ० असली तर बिट तसेच पुढे जातात. तार १ केली की उलटे होऊन जातात. तीच तार ७४८३च्या हातचा आत घ्यायच्या पिनलाही जोडलेली असते, म्हणजे तार १ केल्यावर "एक मिळवा"ही तिथेच झालं. एक स्विच इकडून तिकडे केला की बेरजेचं यंत्र वजाबाकी करू लागतं. ६ − २ करून बघा: ०११० + ११०१ + १ = ०१००, म्हणजे ४, आणि हातच्याचा एलईडी पेटलेला. त्या पेटलेल्या एलईडीला घाबरून आम्ही दोनदा सगळ्या वायर उपसल्या होत्या. वजाबाकीत मोठ्यातून लहान गेला, उसनं घ्यावं लागलं नाही, एवढंच तो सांगत होता.

हातचा सांडणं वेगळं, संख्या न मावणं वेगळं

इथे भलेभले घसरतात, म्हणून जरा थांबू.

१०० + ५० करा:

०११० ०१००
००११ ००१०
उत्तर: १००१ ०११०

हातचा बाहेर पडला नाही, तरी उत्तर चुकलं: −१२८ + २२ = −१०६. खरं उत्तर १५०, पण आठ बिटांत १२७च्या वर मावतच नाही. याला ओव्हरफ्लो म्हणतात. मघाच्या ५ + (−३) मध्ये उलट होतं, हातचा बाहेर पडला पण उत्तर बरोबर. तेव्हा हातच्यावरून ओव्हरफ्लो ओळखू नका. ओळखायची खूण वेगळी आहे. दोन्ही संख्यांचं चिन्ह एकच असेल आणि उत्तराचं उलट आलं, तर ओव्हरफ्लो झाला. दोन सावकारांची रोकड एकत्र करून कर्ज निघत नाही. चिन्हं वेगळी असतील तर ओव्हरफ्लो होऊच शकत नाही, कारण उत्तर दोघांच्या मधेच पडतं. प्रोसेसरमध्ये म्हणूनच दोन वेगळे फ्लॅग, म्हणजे खुणेचे बिट, असतात, कॅरीचा एक आणि ओव्हरफ्लोचा एक.

−१२८चं दुखणं आणखी वेगळं. त्याचं ऋण रूप काढा: १००० ०००० उलटा केला की ०१११ ११११, एक मिळवला की परत १००० ००००. उणे उणे १२८ म्हणजे पुन्हा उणे १२८! +१२८ला जागाच नाही, मग दुसरं काय होणार? ऋण बाजूला १२८ संख्या आणि धन बाजूला १२७, कारण धन बाजूची एक मांडणी शून्याने घेतली. जावा या प्रोग्रामिंग भाषेत सगळ्यात लहान पूर्णांकाचं निरपेक्ष मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरणारी किंमत, मागितलं तर ते ऋणच मिळतं. हॅशचं (म्हणजे नोंदीवरून काढलेल्या एका आकड्याचं) निरपेक्ष मूल्य घेऊन त्यावरून खण निवडणारा प्रोग्राम वर्षानुवर्षं चालतो आणि एक दिवस उणे क्रमांकाचा खण शोधत कोसळतो, तो यामुळे.

३२ बिटांत हीच मर्यादा २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जाते. खूप वाटते. पण दुकानाचा हिशेब पैशांत ठेवत असाल, आणि अपूर्णांक टाळायला तसा ठेवणं योग्यच आहे, तर हे झाले फक्त २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. बाजार समितीतल्या एखाद्या बऱ्या अडत्याची वर्षाची उलाढाल यात मावणार नाही. एक पैसा जास्त झाला की एकूण बेरीज उणे २ कोटी १५ लाखांच्या आसपास.

वेळ सेकंदांत मोजणाऱ्या जुन्या ३२ बिटी युनिक्स प्रणालींचंही हेच. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी मर्यादा गाठतील. पुढच्या सेकंदाला ज्यांनी ६४ बिटांकडे स्थलांतर केलेलं नाही, त्यांच्या घड्याळात डिसेंबर १९०१ उजाडेल. बोइंग ७८७च्या बाबतीत २०१५ मध्ये अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने आदेश काढला होता. जनरेटर नियंत्रण यंत्रणा सलग २४८ दिवस चालू राहिली तर आतला गणक ओव्हरफ्लो होऊन ती बंद पडू शकते, तेव्हा त्याआधी वीज बंद करून पुन्हा सुरू करा. आता ३२ बिटी मर्यादेला सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजा, दिवस किती येतात? २४८ आणि वर अर्धा.

एरियन ५चा किस्सा याच माळेतला म्हणून सांगतात, पण त्यात फरक आहे. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातून उडालेलं ते रॉकेट सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झालं. ६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट संख्या १६ बिटी पूर्णांकात बसवताना ती मावली नाही, हे खरं. पण संख्या गुपचूप ऋण झाली नव्हती. "मावत नाही" अशी चूक नोंदली गेली, ती हाताळायची सोय त्या ठिकाणी नव्हती आणि दिशादर्शक संगणकच थांबला. एरियन ४वर सुरळीत चाललेला कोड तसाच उचलला होता. माझ्या पॅनेलची आठवण झाल्याशिवाय मला हे वाचता येत नाही.

आणखी एक, रोज लागणारं. यादीत मधोमध शोधताना मधला क्रमांक काढायला सुरुवात आणि शेवट यांची बेरीज करून निम्मी करतात. यादी शंभर कोटींच्या पुढची असेल तर ती बेरीजच ३२ बिटांत मावत नाही. ही चूक जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत कित्येक वर्षं होती, २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती लिहून उघड केली. उपाय सोपा आहे: शेवटातून सुरुवात वजा करा, निम्मं करा आणि ते सुरुवातीत मिळवा.

लहान डब्यातून मोठ्या डब्यात

आता माझी चूक.

आठ बिटांतला −५ सोळा बिटांत न्यायचा आहे. डावीकडे आठ शून्यं लावली तर ०००० ०००० ११११ १०११, म्हणजे २५१. डाव्या घराची उधारी गेली, कारण ते घर आता सगळ्यात डावं राहिलं नाही आणि त्याची किंमत साधी +१२८ झाली. बरोबर रीत: जुना डावा बिट असेल तोच नव्या सगळ्या घरांत भरायचा. ११११ ११११ ११११ १०११. का चालतं? −१२८ची उधारी म्हणजेच २५६ची उधारी आणि १२८ची रोकड. घर एकाने वाढलं की कर्ज दुप्पट, पण जुनं घर रोकडीत जमा, हिशेब तोच. पुन्हा वाढवा, पुन्हा तेच.

आर्डुइनोच्या जुन्या, एव्हीआर चिपच्या बोर्डांवर "इंट", म्हणजे पूर्णांक ठेवायचा नेहमीचा डबा, सोळा बिटांचा असतो. सेन्सरचे दोन बाइट जोडून मी इंटमध्ये ठेवले की सोळावा बिट आपोआप उधारीच्या घरात पडायचा, −८ हा −८च राहायचा. ईएसपी३२वर इंट बत्तीस बिटांचा. तेच सोळा बिट उजव्या अर्ध्या भागात जाऊन बसले, डावीकडे सोळा शून्यं, आणि उधारी गायब. प्रोग्राम कधीच बरोबर नव्हता, डबा योगायोगाने मापाचा होता. दुरुस्ती एका शब्दाची झाली, "इंट"च्या जागी "इंट१६_टी". यंत्र कोणतंही असो, हा प्रकार सोळाच बिटांचा असतो.

असेच दोन-तीन खड्डे झटपट सांगतो. जावात बाइट चिन्हासह असतो, त्यामुळे फाइलमधून वाचलेला २०० तिथे −५६ दिसतो. मूळ हवा असेल तर २५५शी अँड करा, म्हणजे उजवे आठ बिट तेवढे ठेवा. सी भाषेत −१ची तुलना अनसाइन्ड, म्हणजे फक्त धन धरलेल्या, १शी केली तर −१ मोठा ठरतो, कारण तुलनेआधी तो अनसाइन्ड होऊन सगळे बिट १ असलेली सगळ्यात मोठी संख्या बनतो. कंपायलर इशारा देतो, तो बंद करू नका. आणि सीमध्ये चिन्हासहच्या संख्येचा ओव्हरफ्लो झाल्यावर ती गोल फिरून ऋण होईलच यावर विसंबू नका. जावात तशी हमी आहे, सीमध्ये आजही नाही.

उजवीकडे सरकवताना बिट एका घराने सरकले की संख्या निम्मी होते. ऋण संख्येत डावीकडे रिकाम्या झालेल्या जागी १ भरायचा, मघाचंच तत्त्व. −७ म्हणजे ११११ १००१, सरकवल्यावर ११११ ११००, म्हणजे −४. पण जावात किंवा सीमध्ये −७ भागिले २ केलं तर −३ येतं. भागाकार शून्याकडे झुकतो, सरकवणं खाली झुकतं. दोन्ही एकच आहेत असं समजून अदलाबदल करू नका.

पायथनवाले म्हणतील, आमच्याकडे हे काहीच नाही. खरंय, पायथनचे पूर्णांक हवे तेवढे वाढतात आणि −५चे बिट मागितले तर उणे चिन्ह लावून १०१ दाखवतो. पण पायथनमध्येही सेन्सरचे बाइट वाचावे लागतात. तेव्हा ते चिन्हासह आहेत हे तुम्हीच सांगायचं असतं.

करून बघा

विंडोजचा कॅल्क्युलेटर उघडा, मेनूतून "प्रोग्रामर" निवडा. डब्याचं माप "क्यूवर्ड" लिहिलेलं दिसेल, त्यावर टिचकी मारत "बाइट"वर आणा. ५ टाइप करा आणि अधिक-उणेचं बटण दाबा. बायनरीच्या ओळीत ११११ १०११ येईल. आता माप "वर्ड" करा आणि डावीकडे सगळे १ कसे भरले जातात ते पाहा. परत बाइटवर या, १२७ लिहा, एक मिळवा.

संख्या वाचणारा कोणताही कोड तपासताना मी पाच किमती घालतो: ०, १, −१, सगळ्यात मोठी धन आणि सगळ्यात लहान ऋण. माझ्या पॅनेलमध्ये −१ घातला असता तर त्या रात्री झोप मोडली नसती, पण तेव्हा मी फक्त खोलीचं तापमान आणि हातात धरलेला गरम सेन्सर बघून पॅनेल पाठवलं होतं.

आता पॅनेल पाठवण्याआधी स्टीलच्या डब्यात बर्फाचा चुरा आणि खडेमीठ कालवतो, पूर्वी घरी पॉटचं आइस्क्रीम करताना कालवायचे तसं, आणि सेन्सर त्यात बुडवून ठेवतो. शून्याच्या खाली आकडा सरळ उतरत गेला की डबा धुवायला ठेवतो आणि पॅनेलचा खोका बांधतो.